राखणदाराचा कोरा चहा

रत्नागिरीतली सड्यावरची ती मोठी बाग माझी आहे. सातबारा दाखवा म्हणाल तर तो नाही. पण त्या बागेतलं कुठलं झाड कुणाच्या हातचं, कुठला नळ कधीपासून गळतो आणि कुठल्या बाकावर बसलं की मागे मुंग्या चढतात, हे माझ्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. नव्हतं असं म्हणतोय, कारण पुढे घात झाला. तो सांगायलाच बसलोय.

आधी बाग बघून घ्या. तांबड्या मातीची पायवाट, एवढी लांब की एक निवृत्त मास्तर तिच्यावरून फेरी मारायला निघाले ते परत आले तेव्हा त्यांची सून आजी झाली होती. मधोमध तळं, तळ्यात पायडल मारायची दोन बदकं. त्यातलं एक बदक कायम गोल फिरतं, त्यामुळे नवी लग्न झालेली जोडपी तेच मागतात. कारंजं आहे, ते पाहुणा आला की उडतं. व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत. खाऱ्या हवेनं ती अशी गंजलीत की व्यायाम करून घरी गेलेला माणूस हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखा दिसतो. पाळणे आहेत, खुला रंगमंच आहे, भेळवाला आहे, आणि स्वच्छतागृह इतकं दूर आहे की गरज लागण्याआधी अर्धा तास निघावं. पश्चिमेच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली भाट्याच्या किनाऱ्याची वाळू दिसते. हवा स्वच्छ असली तर अरबस्तान दिसतं. निदान माझ्याबरोबर उभ्या राहिलेल्यांना दिसायचं.

तिथे पूर्वी चिरेखाण होती. शहरातली निम्मी घरं त्या खाणीतल्या जांभ्या चिऱ्यांनी उभी राहिली. मग खाण बंद पडली, खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं, तेच आजचं तळं. बाग करायची ठरली तेव्हा अडचण आली मातीची. आमचा सडा म्हणजे नुसता कातळ, बोट रोवायला जागा नाही. म्हणून घरटी एक घमेलं माती वर नेऊन टाकायचं ठरलं. बायका, म्हातारे, शाळकरी पोरं, सगळी चढण चढत होती. मी आठ वर्षांचा होतो. मी एकट्यानं चाळीस घमेली वाहिली, असं मी गेली वीस वर्षं सांगत आलो. तुमच्याजवळ म्हणून कबूल करतो: एकच नेलं, आणि तेही चढणीवर ठेचकाळून अर्धं सांडलं. पण उरलेलं अर्धं मी बकुळीच्या खड्ड्यात टाकलं. ती बकूळ आज बघा, आणि बाकीच्यांच्या बकुळी बघा.

त्याच बकुळीखाली माझं बाक. रोज संध्याकाळी पाचला मी तिथे बसायचो आणि माणसं आपोआप गोळा व्हायची. फेऱ्या संपवून आलेल्या बायका, पेन्शनर, मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानी. मी बागेचा इतिहास सांगायचो. रोज थोडा नवा, कारण जुना इतिहास लोकांना पाठ झाला होता.

माझी सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे राखणदार. तळ्याकाठी, माझ्या बाकापासून चार पावलांवर, खाणीतला एक चिरा उभा राहिलेला होता. का राहिला कुणास ठाऊक. बहुतेक वाकडा कापला गेला म्हणून कुणी नेला नसेल. एक दिवस एक गृहस्थ त्याच्यावर बूट ठेवून नाडी बांधायला लागले आणि वर माझी गोष्ट मध्येच तोडून भाव विचारायला लागले, कुठल्या तरी फ्लॅटचा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पाय काढा आधी. राखणदार आहे तो. खाणीचा." गृहस्थ असे मागे सरले की थेट तळ्यात एक पाय. झालं. दुसऱ्या दिवशी त्या चिऱ्यापुढे नारळ होता. आठवड्यानं शेंदूर. महिन्याभरात पायवाटेची डागडुजी निघाली तेव्हा गवंडी म्हणाले, आम्ही त्याला हात लावणार नाही. आजही पायवाट तिथे वळसा घेते. मला सांगा, तोंडानं रस्ता वाकवलेला माणूस तुम्ही दुसरा पाहिलाय?

आणि अशा भरल्या संसारात माझा साडू मुंबईहून निवृत्त होऊन आला.

माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. बागेच्या दारासमोरच फ्लॅट घेतला. अडुसष्टाव्या वर्षी सगळे दात स्वतःचे. पांढरे बूट, तेही तांबड्या मातीत पांढरेच राहणारे. हे शास्त्रात बसत नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि आवाज असा की "जरा सरका" म्हटलं तरी मंत्रपुष्पांजली चालल्यासारखं वाटावं. पहिले पंधरा दिवस तो माझ्या बाकावर, माझ्याच शेजारी बसला. मांडीवर थर्मास. "वा, साडूराव! काय सांगता! मग पुढे?" मी उल्लू. सगळं सांगत गेलो. खाण, माती, बकूळ, राखणदार, तळ्याच्या तळाशी बुडालेली खाणीची घंटा, सगळं.

सोळाव्या दिवशी तो कारंज्याजवळच्या बाकावर बसला. विसाव्या दिवशी माझ्या समोरच्या बायकांपैकी दोघी तिकडे गेल्या. पुढच्या अमावास्येपर्यंत माझ्याकडे एक बहिरे पेन्शनर आणि भेळवाल्याचा कुत्रा उरला. कुत्रासुद्धा मधूनमधून तिकडे कान करायचा.

मी बकुळीआडून ऐकलं. माझाच माल! शब्दन् शब्द माझा. पण माझी घंटा पाण्यात नुसती बुडालेली होती, त्याची घंटा वादळाच्या आदल्या दिवशी वाजत होती. हे मला का सुचलं नाही? त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. त्यानं चोरी केली याचं दुःख नव्हतं हो. चोरीचा माल त्याच्या अंगावर जास्त शोभत होता.

घरी बायको म्हणाली, "भावोजी किती छान सांगतात बागेचं. तुम्ही का नाही ऐकायला येत?"

"मी?" म्हटलं. "मीच सांगितलंय ते त्याला!"

"असेल. पण तुम्ही सांगता तेव्हा खोटं वाटतं."

वीस वर्षांच्या कष्टांवर बाईनं एका वाक्यात पाणी ओतलं आणि भाकरी उलटायला गेली.

त्याच सुमारास बागेचं नूतनीकरण पुरं झालं. नवे दिवे, नवी बाकं, कारंज्याला रंग. पुन्हा उघडायच्या दिवशी राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे नवं काही सुरू करताना जागेवाल्याला सांगितल्याशिवाय चालत नाही. एकानं खड्या आवाजात सगळी हकिगत देवाला ऐकवायची, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यावर "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं घालणारा म्हणजे त्या जागेचा मानकरी. एकदा घातलं की दरवर्षी तोच. मी नवा लेंगा शिवायला टाकला. मग राखणदार कुणाचा? बोलावणं कुणाला येणार?

बोलावणं समोरच्या फ्लॅटमध्ये गेलं. बायकोनंच सांगितलं. "ताईचा फोन होता. भावोजी गाऱ्हाणं घालणार. तुम्ही जरा नारळ सोलून ठेवा म्हणाली, तुम्हाला बरं जमतं."

मी नारळ सोलला. शेंडीसुद्धा नीट ठेवली. पण प्रत्येक हिसक्याला माझ्या डोळ्यांपुढे पांढरे बूट होते.

आणि सोलता सोलता मला सुचलं. तोच नारळ घेऊन मी साडूच्या घरी गेलो, दार लोटून घेतलं, आवाज उतरवला. "साडूराव, एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. आपला राखणदार विडी घेत नाही, दारू घेत नाही. त्याला कोरा चहा लागतो. करवंटीतनं. पाया पडून, गुडघ्यावर बसून, फुंकर मारून द्यायचा. नाहीतर कोपतो."

"चहा?" साडूनं भुवई उचलली.

"खाणीवरचा देव. खाणकामगारच तो."

साडूनं माझे दोन्ही हात धरले. "साडूराव, तुमचं मन मोठं आहे हो." मी खाली मान घालून निघालो, जिन्यात तोंडात रुमाल कोंबला. चारचौघांत हा गुडघ्यावर बसून दगडाला चहा फुंकून देणार! सगळं शहर हसेल. या फजितीनंतर त्याला मुंबईलाच परत जावं लागलं असतं, आणि बाक पुन्हा माझं.

उघडायच्या दिवशी अख्खी रत्नागिरी लोटली होती. म्हणजे दोनशे माणसं असतील, पण दाटीनं उभी होती. साडू चिऱ्यापुढे उभा राहिला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या खाणीच्या, ह्या तळ्याच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या कातळावर माती नव्हती, ती तुझ्या लेकरांनी डोईवर आणली!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यात आमच्या सासऱ्यांनी एकट्यानं साठ घमेली वाहिली!"

माझी चाळीस! त्यावर वीस चढवून त्यानं ती सासऱ्यांच्या डोक्यावर ठेवली होती. तेच माझेही सासरे, जे आयुष्यात पाटावरून उठताना सुद्धा हात मागायचे. शेजारी बायको. पदराचं टोक डोळ्याला लावून ती माझ्याकडे बघत होती. काय करणार?

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

मग त्यानं थर्मास उघडला. करवंटीत कोरा चहा ओतला. पांढऱ्या विजारीसकट मातीत गुडघे टेकले आणि फुंकर मारली. मी गाल आत ओढून पहिल्या हसण्याची वाट बघत होतो.

हसलं कुणीच नाही. गर्दीतून एक म्हातारी पुढे आली, चिऱ्याला शिवली. "माजा सासरा ह्याच खाणीत व्हता," ती म्हणाली. "समदे करवंटीतनंच चा पियाचे. कप कुठला वो तवा. तुमाला कसा म्हाईत, दादा?"

साडूनं डोळे मिटले आणि आकाशाकडे बोट केलं. आकाशाकडे! मी इकडे डाव्या हाताला उभा होतो!

माझ्यानं राहवलं नाही. मी पुढे घुसलो. "थांबा! मी सांगतो. राखणदार मी केला. तो वाकडा कापलेला चिरा आहे नुसता. चहाची गोष्ट मी परवा नारळ सोलताना रचली. घंटा माझी, घमेली माझी, आणि तीही चाळीस नाहीत, अर्धं आहे! अर्धं घमेलं!"

भेळवाला म्हणाला, "भाऊ, आज कमाल केलीत. आजवरची सगळ्यांत मोठी थाप!" आणि लोक असे हसले की तळ्यातलं गोल फिरणारं बदक सरळ गेलं. म्हातारी तेवढी हसली नाही. "असा बोलू नये देवाम्होरं," म्हणाली, आणि माझ्यासाठीही चिऱ्याला हात लावला.

साडूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनावर घेऊ नका हो," तो लोकांना म्हणाला. "आमचे साडूराव विनोदी आहेत."

आता दरवर्षी गाऱ्हाणं तोच घालणार, हे ठरलेलं आहे. कारंज्याजवळ त्याच्यासाठी दुसरं बाक जोडलंय, ऐकणाऱ्यांना जागा पुरत नाही म्हणून. माझं बाक मात्र बकुळीखालीच आहे, चिऱ्यापासून चार पावलांवर, आणि तिथे आता ऐकायला कुणी येत नाही. रोज संध्याकाळी पाचला कुणी ना कुणी चिऱ्यापुढे करवंटीत वाफाळता कोरा चहा ठेवून, पाया पडून, मागे न बघता जातं. मागे बघायचं नाही हा साडूचा नियम. त्याला वाटतं त्यानं देवाचा दरारा वाढवला. दहा मिनिटांनी करवंटी रिकामी असते. कारंज्याजवळ साडू गेला महिनाभर हेच सांगतोय, राखणदार खरोखर पितो म्हणून, आणि बायका तोंडाला पदर लावून ऐकतात. बायको घरी येऊन मला ते साग्रसंगीत सांगते. मी ओठ पुसतो आणि म्हणतो, "असेल बाई."

त्याची ती गोष्ट चांगली आहे. फार चांगली आहे. पोटात आग पडते ऐकून. चहा आलं घालून असतो, पण साखर कमी. हे सांगायची सोय नाही. फक्त परवा मी बहिऱ्या पेन्शनरांच्या कानाशी जाऊन जोरात ओरडलो, की राखणदाराला गोड आवडतं. त्यांना किती ऐकू गेलं माहीत नाही. पण कारंज्याजवळची दोन डोकी वळली होती.