मावसाजींच्या घरी सगळ्या पोरीच

कोंबडीचं पिल्लू नर की मादी, हे ओळखण्यात आमच्या मावसाजींइतका चुकणारा माणूस अख्ख्या विदर्भात झाला नसेल. डोळे मिटून सांगणाऱ्याचं अर्धं बरोबर येतं, तेवढंच काय ते यांचं येई. मावसाजी हाती येईल त्या पिल्लाला मादी ठरवून मोकळे होत, आणि तेही इतकं ठासून की समोरच्याची उलट बोलायची छाती होऊ नये. मावसाजी म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. सक्करदऱ्याला राहत. घराणं विणकरांचं, पण वडील गेल्यावर हातमाग मोडीत निघाला आणि हे एका कापडाच्या दुकानात लागले. ज्या खड्ड्यात पाय सोडून वडील विणायला बसत, तो खड्डा तेवढा पुढच्या खोलीत उरला होता. त्यात मावसाजींनी कोंबड्या पाळल्या. कोंबड्याही साध्यासुध्या नव्हेत, बँटम. अंगानं कबुतराहून जराशाच मोठ्या, पण चाल अशी, की सक्करदऱ्याचं तळं यांच्याच नावावर आहे. दुकानात कापड मोजताना बोटभर इकडचं तिकडे न होऊ देणारा हा माणूस घरी आला की पिल्लांच्या बाबतीत सगळं गणित गुंडाळून ठेवी.

अंडी फुटली की परीक्षेचा थाट बघण्यासारखा असे. मावसाजी हातपाय धुऊन, धुतलेली बनियन घालून पाटावर बसत. आधी पिल्लाच्या डोक्यावर सुई-दोरा लोंबकळवत. मग त्याला उताणं करून, डोळे बारीक करून बघत. मग पंख पसरून उजेडाकडे धरत. एवढं सगळं झाल्यावर निकाल एकच, “पोरगी.” या जातीची पिल्लं फार बारकी, दीड-दोन महिन्यांनी तुरा लाल व्हायला लागेपर्यंत जाणकारसुद्धा खात्रीनं सांगत नाहीत, असं मी कुठूनसं ऐकून त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, “त्याईले दिसत नसन गा. मले दिसते.”

पुढं या पोरी पहाटे बांग द्यायला लागत. शेजारी कुंपणावरून विचारत, “मावसाजी, तुमची पोरगी काहून बोंबलून राहिली?” मावसाजी शांतपणे सांगत, “सर्दी झाली तिले. घसा बसला.” तुरा लालभडक दिसला तर ऊन लागलेलं असे. दुकानातल्या एका गड्यानं अंड्यांसाठी म्हणून यांच्याकडून एक जोडी नेली, तर अंडी येईनात म्हणून त्याला यांनी वर्षभर दाणा बदलायला लावला. तो बिचारा बदलत राहिला. एरवी जगात मुलगा झाला की पेढे वाटतात. मावसाजींच्या घरी मुलगा होऊन भागत नसे. पाहुणा आला तर त्याच्या पानात बटाट्याचा रस्सा पडे. अंडी देणारी पोरगी कोण कापणार?

या पोरींतली मावशीची लाडकी होती शेवंती. पिवळीधमक, वाकदार शेपटाची, आणि अर्थातच कोंबडा. मावशी तांदूळ निवडायला बसली की शेवंती तिच्या मांडीला टेकून बसे. मोहल्ल्यात कोणी हसलं तर मावशीही हसे, पण नाव तिनं बदललं नाही.

मग मावशीच्या पोटात गाठ निघाली. तिला धंतोलीच्या एका दवाखान्यात ठेवलं. माझ्या आईनं, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीनं, ऑपरेशनच्या आधी मातामाय देवीला नवसाचा कोंबडा कापायचं ठरवलं. तो घरचाच लागतो, विकत आणलेला चालत नाही. मी आईबरोबर सक्करदऱ्याला गेलो. कान आईलाही होते, बांग तिलाही ऐकू येत होती. पण मावसाजींच्या तोंडून “कोंबडा” निघाल्याशिवाय ती कोणत्या पाखराला हात लावणार? “तुमच्यापाशी तर साऱ्या कोंबड्याच,” एवढंच ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

मावसाजी खड्ड्याच्या काठाशी गेले. मग वाकले, शेवंतीला उचललं, सुतळीनं तिचे पाय बांधले आणि आईच्या हातात देत म्हणाले, “घ्या बाई. हा कोंबडा आहे.” त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. खड्ड्यात आणखी दोन मरतुकडे कोंबडे होते, त्यांतला एखादा द्या, असं मी सुचवलंही. “जीव तिचा मागून राहिलो आपण,” ते म्हणाले. “हलकं देऊन कसं चालन?”

ऑपरेशन झालं. मावशी शुद्धीवर आली आणि पहिल्याच संध्याकाळी तिनं शेवंतीची चौकशी केली. मावसाजींचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. “खुडूक झाली ते. अंड्यावर बसून राहिली. तू घरी येतवरी पिल्लं निघते.”

“बसू द्या मग,” मावशी म्हणाली. ते औषध आणायला खाली गेले तशी ती माझ्याकडे वळली. “कोंबडा कधी अंड्यावर बसते काय गा?”

मी गोंधळलो. “तुले माहीत होतं?”

“पयलेपासून. त्याईलेही सारं समजते. कोंबडा म्हटलं का कोणी ना कोणी सुरी घेऊन येते, म्हणून साऱ्याईले पोरी करून ठेवते ते.” मग म्हणाली, “तुया मायनं नवस केला ना? अन् त्याईनं शेवंती देली.” मी मान डोलावली. “लय जड गेलं असन त्याईले. मले समजलं म्हणून सांगू नको.”

त्यानंतर रोज संध्याकाळी ती शेवंतीबद्दल विचारी आणि ते सांगत. आज एक पिल्लू निघालं, काळं आहे. आज दुसरं निघालं, पायावर पिसं आहेत. “पोरगी?” मावशी विचारी. “पोरगी,” मावसाजी म्हणत, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसत. मला तिथं बसवेनासं होई, मी व्हरांड्यात जाऊन उभा राही. मावशी घरी आली नाही.

काही महिन्यांनी मी सक्करदऱ्याला गेलो, तेव्हा दारात मोहल्ल्यातला खानावळवाला पिशवी घेऊन उभा होता. मावसाजींनीच त्याला बोलावलं होतं. खड्ड्यात दोन महिन्यांची पिल्लं फिरत होती. मावसाजींनी पाट मांडला नाही, सुई-दोरा काढला नाही. एकेक पिल्लू उचलायचं, तुऱ्याकडे बघायचं आणि सांगायचं, “कोंबडा. कोंबडी. कोंबडा.” कोंबडे पिशवीत जात होते. एकही चुकत नव्हतं. या माणसानं आज एकदा तरी खोटं बोलावं, असं मला फार वाटत होतं.

शेवटचं पिल्लू पिवळं होतं. ते हातात धरून मावसाजी थांबले. त्याच्या मानेवरून त्यांनी अंगठा फिरवला, आणि मला आशा वाटली. मग ते हळूच “कोंबडा” म्हणाले आणि त्यांनी ते पिशवीत सोडलं.