याडीच्या वाढदिवसाची कार्डं

कपाटावर रद्दी साठते तसे आमच्या स्टाफरूममध्ये किस्से साठलेत. दरवर्षी आवरू म्हणतो आणि राहून जातं. दिग्रसजवळच्या आमच्या शाळेतले निम्मे किस्से तर एकाच बाईचे आहेत, खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाईंचे. त्या बंजारा तांड्यावरच्या, म्हणून पोरं त्यांच्या बोलीत त्यांना आई म्हणायची, याडी. मग आम्हीही याडीच म्हणायला लागलो.

*

याडींचा कागदोपत्री वाढदिवस पंधरा ऑगस्ट. ओळखपत्र काढताना जन्मतारीख विचारली तेव्हा त्या म्हणाल्या, "मायनं सांगतलं, झेंड्याच्या दिवशी झाली." समोरच्याने पुढे काही न विचारता पंधरा ऑगस्ट टाकून दिलं.

"पण माय तर कापूस येचता येचता कळा आल्या म्हून घरी गेलती," याडी आम्हाला सांगायच्या. "पंधरा ऑगस्टले कुठं कापूस फुटते जी?"

बरोबरच होतं. ऑगस्टात आमच्याकडे कापसाची पऱ्हाटी कमरेलाही लागत नाही. म्हणजे सव्वीस जानेवारीच की!

*

हेडमास्तर गावंडे सर मात्र कागदाचे पक्के. मी रुजू झाले त्या महिन्यात मस्टरवर चुकीच्या रकान्यात सही केली आणि गुपचूप व्हाइटनर लावला. सरांनी सगळ्यांसमोर तो खरवडून काढला.

"चूक लपवायची नाही, मॅडम. लाल शाईने एक रेघ, बाजूला बरोबर काय ते, आणि आपली छोटी सही."

तेव्हापासून मी व्हाइटनर हातात धरलेला नाही.

*

स्टाफच्या वाढदिवसाला पोरांनी हाताने कार्डं करायची, ही पद्धत सरांचीच. याडींची कार्डं चौदा ऑगस्टला व्हायची, पताकांच्या उरलेल्या कागदातून. त्यामुळे सगळी केशरी, पांढरी आणि हिरवी! याडींना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पोर आपलं कार्ड स्वतः वाचून दाखवायचं.

एकदा चौथीतल्या एका पोरीने प्रभातफेरीच्या भरात कार्डावर लिहिलं, "याडी अमर रहे!"

आम्ही पोट धरून हसलो. याडींनी ते कार्ड खिचडीच्या शितांनी स्वयंपाकखोलीच्या दारावर चिकटवलं.

*

कार्डं पदरात घेताना दरवर्षी त्यांचं एकच मागणं असे. "सर, एक डाव सव्वीसले करा ना. माही माय खोटी पडून राह्यली."

सर म्हणायचे, आधी कागद बदलून आणा.

याडी खरंच एसटीने तालुक्याला गेल्या. तिथल्या साहेबांनी पुरावा मागितला. याडी म्हणाल्या, माय होती ना. माय कुठे आहे विचारलं, तर म्हणाल्या, वर गेली. साहेब हसले म्हणे. हे सांगताना याडी हसल्या नाहीत, आणि आम्हालाही हसू आलं नाही.

*

गेल्या दिवाळीनंतर याडी आजारी पडल्या. यवतमाळच्या दवाखान्यात आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी सरांचा हात धरला. "सर, या सव्वीसले एक तरी कार्ड."

"आधी बऱ्या व्हा," एवढंच सर बोलले. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

डिसेंबरात याडी गेल्या. दारावरचं ते "अमर रहे" मी काढायला गेले, पण शितं अशी घट्ट बसली होती की निघेना. मी तिथेच बसून रडले.

*

झेंडा बांधायचं काम दरवर्षी माझं. या सव्वीस जानेवारीला मी पोचले तर सरांनी तो आधीच बांधून वर चढवलेला!

सरपंचांनी दोरी ओढली. झेंडूच्या पाकळ्या पडल्या आणि त्यांच्याबरोबर घडी घातलेला एक कागदही खाली आला. तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे सावधान, कुणाला हलता येईना. सर समोर झेंड्याकडे बघत उभे होते.

राष्ट्रगीत संपल्यावर पहिलीतल्या एका पोरीने कागद उचलून उघडला. आत पऱ्हाटीचं झाड काढलं होतं, बोंडं फुटलेलं, अगदीच बेढब. खाली याडींचं नाव. नावाखाली "१५ ऑगस्ट", आणि त्यावर लाल शाईची एक रेघ.

बाजूला "२६ जानेवारी", आणि छोटी सही.