मल्हारीमामांचं नाव छापलं नव्हतं

विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या मुलांपुढे बोलायला मला बोलावलं, तेव्हा मी एकच अट घातली: माझ्याबरोबर मल्हारीमामा बोलतील. तिथल्या तनुजा मॅडमनी विचारलं, "ते कुठल्या पेपरचे?" म्हटलं, "पेपरचे नाहीत. माझ्या बातमीतले."

मल्हारीमामा पडेगावच्या पुढचे धनगर. साठीचे, काटक. बोलणं कमी, आणि असेल ते बहुतेक मेंढ्यांशीच. शंभरावर मेंढ्या होत्या, पण तोंडावरून कुणाची आई कोणती ते सांगायचे. सुगी झाली की खतासाठी शेतकरी त्यांचा कळप आपापल्या रानात बसवून घ्यायचे. त्यावरच घर चालायचं.

चार वर्षांपूर्वी एका कारखान्याचं पाणी ओढ्यात सुटलं आणि ते पिऊन त्यांच्या अकरा मेंढ्या मेल्या. मी धावत गेले. मामा एवढंच म्हणाले, "ताई, लिवा. पर नाव नका टाकू. आमाला इथंच चारायचंय."

मी नाव टाकलं नाही. गाव टाकलं नाही, चेहराही नाही. फोटो दिला तो फक्त मेलेल्या मेंढ्यांचा. एवढी हुशारी केली आणि तिथंच माती खाल्ली. मेंढ्यांच्या पाठीवर गेरूचे दोन आडवे पट्टे होते. तिकडे प्रत्येक धनगराची खूण वेगळी असते आणि ती शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मला ठाऊक नव्हती. विचारायचंही सुचलं नाही.

बातमीमुळे कारखाना दोन महिने बंद राहिला. गावातली निम्मी पोरं तिथंच कामाला. "आमच्या पोटावर पाय आणला," म्हणत शेतकऱ्यांनी मामांना रानं बंद केली. वर्षभरात सगळा कळप विकावा लागला. मला त्या बातमीसाठी पुरस्कार मिळाला आणि मी तो हसत घेतला. खरं काय झालं ते फार उशिरा, मामांच्या बायकोकडून, सुगंधाबाईंकडून कळलं. मामा आता एका रोपवाटिकेत झाडांना पाणी घालतात.

कार्यक्रमाला या म्हणायला गेले, तेव्हा हाकलून देतील असंच वाटत होतं. त्यांनी विचारलं, "ती पोरं बातमीसाठी कुटं जानार हायेत?"

"पुढच्या आठवड्यात, दौलताबाद रोडच्या धनगरांकडे."

"मंग येतो."

सभागृहात मी माझी चूक सांगितली. सांगताना लाज वाटली. मेघा नावाच्या मुलीनं विचारलं, "मग अशा वेळी फोटो छापायचाच नाही का?"

मामा खुर्चीच्या कडेला टेकले होते, ते उठून उभे राहिले. "छापा की. मुक्यानं मरावं का आमी? पर छापायच्या आदी ज्येचं हाय त्येला दाखवा. त्येच्यात काय वळखू येतंय, ते तुमाला नाय कळायचं. त्येलाच कळंल."

मुलांनी वह्यांत लिहून घेतलं. मग सगळं सभागृह उभं राहिलं आणि टाळ्या वाजवू लागलं. मामा गोंधळून माझ्याकडे पाहत राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, टाळ्या कामून वाजिवल्या?"

"तुमचं बोलणं आवडलं त्यांना, मामा."

"माजी मेंढरं गेली, ते ऐकून?"