उद्याचा तास

माझ्या नातीचा कॉलेजातला प्रत्येक तास आधी मी ऐकते. म्हणजे, ऐकत होते. ती इतिहास शिकवते, कॉन्ट्रॅक्टवर. मावला गावात माझ्याजवळच राहते. संध्याकाळी मी अंबाडीची पानं खुडायला बसले की ती समोर उभी राहून उद्याचा तास घ्यायची. माझं काम एकच, मधेच "काऊन?" विचारायचं. उत्तर अडलं की ती आत पळायची, पुस्तकं उपसायची.

मीही एके काळी याच जिल्ह्यात मराठीची लेक्चरर होते. काय तो थाट! शेतमजुराच्या घरातली खुर्चीवर बसलेली पहिली बाई. काळा गॉगल लावून बसमधून उतरायची आणि वर्गात शिरल्यावरच तो काढायची. मग नोट्स सांगायच्या, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. पोरं मान खाली घालून लिहीत, आणि मला वाटे, वा, काय विद्वान बाई आहे ही! गॅदरिंगला विचारस्वातंत्र्यावर बोलायचे ते माइक गच्च आवळून. कोणाला हिरावून घ्यावंसं वाटेल असं एकही वाक्य मी तोवर बोललेच नव्हते, हे त्या गॉगलवाल्या बाईला कोण सांगणार?

नात माझ्यावर गेली नाही. तिनं मुलांना प्रोजेक्ट दिला: आपल्या आजी-आजोबांना विचारा, ते कोणाच्या शेतात राबले, मजुरी काय मिळायची. माझ्यापुढं तो तास झाला तेव्हा मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "काऊन? पुस्तकात नाई का?"

"पुस्तकात राजे आहेत आजी. तुही माय कुठंय त्याच्यात?"

माझी आई जन्मभर दुसऱ्याच्या कापसात निंदत होती.

मुलांनी म्हाताऱ्यांचे आवाज मोबाइलवर भरून आणले. वांकिडी गावची एक मुलगी होती, हॉस्टेलात राहणारी. तिच्या आजीनं सांगितलं, मजुरीच्या ज्वारीत कोंडा मिसळलेला असायचा, आणि मालकाच्या घरी लग्न निघालं की फुकट राबावं लागायचं. नातीनं ते तसंच घेतलं नाही. स्वतः वांकिडीला गेली, इतर म्हाताऱ्यांना विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. पण त्या मालकाचा नातू निघाला कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचा मेंबर.

प्रिन्सिपलनं नातीला बोलावलं. घरी आली ती चप्पल न काढताच आत.

"वर्गात उभं राहून सांगायचं म्हणे, हे सगळं ऐकीव आहे, मी चुकीचं शिकवलं. नाई तर प्रोजेक्ट रद्द. सगळ्याईचे इंटर्नल मार्क शून्य."

"आन् तुही नोकरी?"

"मीच सोडते म्हणलं, पोराईचे मार्क राहू द्या. तर म्हणे, राजीनामा नको मॅडम. वर्गात बोला."

मग ती माझ्यासमोर बसली. "सांग ना आजी, काय करू?"

अख्ख्या गल्लीची थट्टा करणारी मी, देठं मोडत बसले. त्या मुलांचं वर्ष वाया घालव, असं कोणत्या तोंडानं म्हणणार? आणि जे खरं म्हणून पडताळलंस, ते खोटं म्हण, हे तरी कसं म्हणू? काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "माहा गॉगल घालून जाय. डोळे दिसनार नाई कोणाले."

ती हसली. तेच आता जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली आणि बोलून आली. संध्याकाळी हातपाय धुतले, चहा समोर ठेवून तशीच बसली. चहावर साय धरली.

"ती वांकिडीची पोरगी उभी राह्यली," ती म्हणाली. "म्हणे, 'मॅडम, मंग माही आजी खोटं बोलली का?'"

"तू काय म्हणलं?"

"पुढचा धडा काढा म्हणलं."

मार्क सगळ्यांना मिळाले. त्या मुलीलाही, चांगले मिळाले. नातीचं कॉन्ट्रॅक्टही वाढलं. पेढे आणायची हिंमत मात्र घरात कोणाला झाली नाही. ती मुलगी आता मागच्या बाकावर बसते, काही विचारत नाही, असं नात एकदाच म्हणाली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही.

काल मुद्दाम अंबाडीची मोठी जुडी आणली. मांडी घालून बसले, खोकले, हाक मारली. "ये ना बाई, घे तास. विद्यार्थिनी म्हातारी होऊन राह्यली."

ती दारातूनच म्हणाली, "नोट्स आहेत आजी. सांगते पोराईले, लिहून घेतात."

पूर्णविरामासकट का, हे अगदी जिभेवर आलं होतं.

वांकिडीच्या त्या पोरीची आजी माझ्याच वयाची असेल. सुट्टीत तिची नात घरी गेल्यावर तिनं कौतुकानं विचारलं असेल, "माहं बोलनं आवडलं का गं तुह्या मॅडमले?"

पोरीनं काय सांगितलं असेल तिला?