हेडसेट आला आणि माझा पलंग हलला

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिला कुंकू लागतं. मिक्सरला लागलं, फ्रिजला लागलं, मुलाच्या मोटारसायकलला तर हारही घातला होता. म्हणून नातीने तो डोळ्यांवर बांधायचा हेडसेट आणला, तेव्हा मी कुंकू लावलं. यात माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.

नात तुर्भ्याला ऑफिसात जाते. टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल तिच्याकडे आधीपासून होता. संध्याकाळी ती गाड्या पळवायची, आम्ही सगळे बघायचो. गाडी आपटली की मी हसायचे. आता तिने स्वतःच्या पगारातून हा हेडसेट घेतला. तिचं म्हणणं, पुढे सगळे खेळ असेच होणार, टीव्हीकडे कोणी बघणारसुद्धा नाही. माझा मुलगा जासईजवळच्या यार्डात कंटेनर रचायच्या कामावर सुपरवायझर आहे. त्याने खोका हातात घेऊन फक्त एवढंच विचारलं की याला जागा किती लागते.

शनिवारी नात आंघोळीला गेली तेव्हा सुनेने दिवा लावला आणि मी ताट घेतलं. हेडसेटच्या तोंडावर चार काळे गोल होते, चारी कोपऱ्यांत. कुंकू लावायलाच ठेवल्यासारखे. मी चारही गोलांवर ओलं कुंकू टेकवलं आणि सुनेने नारळ फोडला. नात बाहेर आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. म्हणाली, आजी, पुसून टाक ते. मी पदराने पुसलं. लाल काही उरलं नाही. सकाळीच केसांना तेल लावलं होतं, पदर तेलकट होता, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

मग खेळ लावला. टीव्हीवर अक्षरं आली. नातीने वाचून सांगितलं की त्याला खोली नीट ओळखता येत नाही, सामान बाजूला करा, उजेड वाढवा. सगळे दिवे लावले. खुर्च्या बाहेर काढल्या, टीपॉय काढला. तरी तेच. मग मुलाने हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्या पलंगावर येऊन थांबली.

माझा पलंग हॉलमध्ये, दाराला लागून असतो. घर बांधलं तेव्हापासून तिथेच आहे. येणारा माणूस आधी मला दिसतो. गावातल्या बायका येतात त्या सोफ्यावर बसत नाहीत, माझ्या पलंगावर बसतात. कुणाचं लग्न जमलं, कुणाची सून माहेरी गेली, कुणी जमिनीच्या कागदावर अंगठा दिला, सगळं मला आधी कळतं. घरातही मला विचारल्याशिवाय काही ठरत नाही, कारण ठरवणारे माझ्यासमोरच बसलेले असतात.

मुलगा म्हणाला, दोन दिवस आत ठेवू. मी नाही म्हणाले. त्याने यार्डातला एक माणूस बोलावला आणि दोघांनी पलंग उचलून मागच्या खोलीत नेला. मी त्यांच्या मागोमाग गेले, कारण माझी औषधांची पिशवी पलंगाला बांधलेली होती.

मागच्या खोलीत वॉशिंग मशीन आहे, आणि खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते. रविवारी शेजारीण आली. मी आतून तिचा आवाज ऐकला. तिने सुनेला विचारलं, आये कुठं हाय? सून म्हणाली, आत पडल्यात. शेजारीण चहा पिऊन गेली. पडलेल्या माणसाकडे कोण जातं? दोन दिवसांत मी घरातली म्हातारी झाले. तोवर मी फक्त वयाने म्हातारी होते.

आणि एवढं करून तो खेळ चालला नाहीच. मोकळ्या हॉलमध्ये नात मधोमध उभी, आणि टीव्हीवर पुन्हा तेच, सामान हलवा. मुलगा आता सोफ्याकडे बघायला लागला. मी आतून म्हटलं, भिंती पन हलव.

सोमवारी दुपारी घरात मी आणि सून. मी चष्मा पुसत होते. माझ्या चष्म्याला तेलाचं बोट लागलं की दारातला माणूसही मला ओळखू येत नाही, मग सून ओरडते, आधी काच पुसा. तेव्हा डोक्यात आलं. मी उठून हॉलमध्ये गेले, हेडसेट उजेडात धरला आणि ते चार गोल नीट बघितले. काच होती. वर ढगाळ डाग, आणि खोबरेल तेलाचा वास. ते त्याचे डोळे होते. त्या डोळ्यांनी तो खोली बघत होता, आणि आम्ही त्याला तेल माखून आंधळा केला होता. मी तोंडाची वाफ देऊन चष्म्याच्या कापडाने चारी डोळे पुसले.

संध्याकाळी नातीने तो बांधला आणि पहिल्या दमात खेळ सुरू झाला. मी सगळ्यांसमोर सांगितलं की तेल माझ्या पदराचं होतं आणि पुसलंही मीच. मग म्हटलं, आता पलंग बाहेर आणा.

मुलगा म्हणाला, "आये, आता नेलाच हाय तर ऱ्हाऊ दे आत. हॉल कसा मोकला दिसतो."

म्हणजे पलंग खेळासाठी गेलाच नव्हता. खेळ हे निमित्त होतं. वस्तू नवी असली की जुनी हलवायला कारण मिळतं.

मी वाद घातला नाही. चटई घेतली आणि हॉलच्या मधोमध, नातीच्या पायाजवळ अंथरून बसले. नातीने जिथे उभं राहायचं तिथेच. सून म्हणाली, हात लागेल तुम्हाला. मी म्हटलं, लागू दे.

नातीने हेडसेट वर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. मग बापाकडे.

"पप्पा, पलंग आणा," ती म्हणाली. "हा खेळ बसूनपण खेळता येतो."

"मग शनिवारी का नाय बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही थेट पलंगच उचललात."

पलंग आला. मुलाने तो भिंतीला टेकवून ठेवला, मी तो वीतभर पुढे ओढायला लावला, आधी होता तिथे.

नंतर मीही तो हेडसेट बांधून बघितला. सुनेने माझा दंड धरून ठेवला होता, मी तो सोडवला. मोठा डोंगर होता, खाली दरी. माझे हात दिसत होते, पाय दिसत नव्हते. मी दोन वेळा खाली बघितलं. मिठागरात मी वीस वर्षं पायांनी जमीन चोपली, त्यामुळे मला पाय कुठे आहेत ते कळलेलं बरं वाटतं. डोंगर चांगला होता. मी हेडसेट काढून परत दिला.

नात अजून म्हणते की पुढे घरोघरी हेच होणार. होईलही. पण आमच्या घरी बेल वाजते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, पाहुणा न विचारता आत येतो. अशा घरात डोळे झाकून कोण किती वेळ बसेल? आणि ती एकटी डोंगर चढते तेव्हा आम्ही बाकीचे तिचं तोंड बघत बसतो, तेही अर्धंच दिसतं. गाड्यांच्या वेळी सगळं घर हसायचं. आता ती रविवारी तासभर हेडसेट बांधते, इतर दिवशी गाड्याच पळवते. याचा अर्थ ज्याने त्याने काढावा.

बांधते तेव्हा माझ्या पलंगाच्या कडेला बसून बांधते. मध्येच तिचा हात मला लागतो. मी तो बाजूला करते आणि दाराकडे तोंड करून बसते.