भाग न जाणारी संख्या

अप्पांच्या मनगटावर दवाखान्याने प्लास्टिकची पट्टी बांधली आहे. तिच्यावर नाव बारीक आणि आकडा ठळक: १०४७२९.

माझे वडील जन्मभर गणित शिकवत आले. रस्त्यात दिसेल त्या गाडीचा नंबर ते फोडायचे, आणि त्यांच्या नादाने आम्हीही. म्हणून पलंगाशी बसल्या बसल्या मी हाही फोडायला घेतला. शेवटी नऊ, म्हणजे दोनचा प्रश्नच नाही. तीनने जात नाही, सातने दोन उरतात, तेराने एक. पुढेही कशानेच भाग जाईना. मूळ संख्याच ही. अशी एखादी सापडली की अप्पांना कोण आनंद व्हायचा! “हिचे तुकडे कुणाच्या बापाला करता येणार नाहीत,” म्हणायचे. संख्येचं ठीक आहे. माणसाच्या मेंदूतली केसाएवढी शीर फुटते, आणि एवढं सगळं गणित कुठे सांडतं कोण जाणे.

इथे आणल्यापासून अप्पा एक शब्द बोलले नव्हते. डॉक्टर तपासायला आले, तेव्हा मी अप्पांच्या कानाशी वाकून तो आकडा सावकाश सांगितला. “अप्पा, कशाने भाग जातो?”

बऱ्याच वेळाने ओठ हलले. “दोनने,” ते स्पष्ट म्हणाले.

“बोलले की!” डॉक्टरांचा चेहरा खुलला. “चांगली खूण आहे.”

आई पायथ्याशी उभी होती. ती पुढे आली, पट्टीवरच्या शेवटच्या आकड्यावर तिने बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “हा नऊच आहे ना गं?”