दत्ता सारंगाची न निघालेली बदली

"त्याच्या हातात माइक देऊ नका! दिलात तर मी आत्ता इथून उठून चालू लागेन, सांगून ठेवते!"

देवळाच्या सभामंडपात बायकांच्या बाजूने सुशीलावहिनी ओरडत होत्या, आणि ज्याच्या हातात माइक द्यायचा नव्हता तो मी. त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या जन्माच्या मित्राची, दत्ताराम भाटकरची शोकसभा चालली होती. सरपंचांनी नुकतंच माझं नाव पुकारलं होतं आणि मी कॉलर सारखी करून, घसा साफ करून उठलोसुद्धा होतो. केळशीत बारसं असो, क्रिकेटचा बक्षीस समारंभ असो, नाहीतर कोणाचा दहावा असो, बोलायला बाळू मयेकर लागतोच. मी बोलायला लागलो की भरती अर्धा तास थांबून राहते, असं लोक म्हणतात... म्हणजे मीच म्हणतो, लोक ऐकून घेतात. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही, वहिनींना कोणी "असू दे गो" म्हटलं नाही, आणि सरपंचांनी पुढे केलेला माइक हळूच मागे घेतला. मी खाली बसलो. शेजारच्याने माझ्यापासून वीतभर लांब सरकून घेतलं तेही मला कळलं.

बरं झालं मला बोलू दिलं नाही ते. मी तयारी करून गेलो होतो. दत्ताने एका हाताने सुकाणू धरलंय, दुसऱ्या हाताने जखमींना पाणी पाजतोय, आकाशातून आग पडतेय आणि तो महालक्ष्मीचं नाव घेत जहाज बंदरात आणतोय, असं काहीतरी अचाट मी ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. सुकाणू सारंगाच्या हातात नसतंच मुळी.

जहाजावर डेकवरच्या खलाशांचा जो मुकादम, त्याला आमच्याकडे सारंग म्हणतात. दोरखंड, नांगर, दोर ओढणारी विंच, रंग, गंज, सगळं त्याच्या अंगावर. दत्ता आणि मी एकाच दिवशी केळशीतून निघालो, तो डेकवर गेला आणि मी खाली इंजिनात तेलवाला म्हणून. तो चढत चढत सारंग झाला, मी मात्र गोष्टी सांगण्यातच चढत गेलो. सुट्टीवर आलो की पेठेतल्या चहाच्या टपरीवर आमची बैठक बसायची. मी सांगायचो, "बिस्केच्या उपसागरात असली लाट आली, असली लाट आली, की पातेल्यातली डाळ उडून छताला लागली आणि खाली येईपर्यंत जहाजच सरकलं, त्यामुळे ती पडली पलीकडच्या माणसाच्या ताटात!" दत्ता शेजारी सुपारी कातरत बसलेला असायचा. मान वर न करता म्हणायचा, "अर्धं कर, बाळू." मग मी लाट अर्धी करायचो. तो म्हणायचा, "अजून अर्धं." असं करत करत गोष्ट "डाळ सांडली" इथवर आली की तो म्हणायचा, "हां. आता झालं बरोबर." टपरीवरची माणसं गोष्टीला नाही, ह्या कातरण्यालाच जमायची. तो बोटीवर असला की माझ्या थापांना कोणी आवर घालणारं नसायचं, आणि त्या खाजणातल्या गवतासारख्या माजायच्या.

तो खरं तर कायमचा घरी आला होता. चार नारळीपोफळी, एक होडी, संध्याकाळी सुरूच्या बनात फेरी. पण घरी राहून त्याला करमेना. "बसून बसून गंज चढतोय रे," म्हणायचा. अशात मुंबईच्या एजंटाचा फोन आला. काळ्या समुद्राच्या काठी लढाई लागलेली, वर्षांमागून वर्षं गेली तरी संपायचं नाव नाही. पेपरात आधी पहिल्या पानावर होती, मग आत गेली, मग कुठल्या कोपऱ्यात गेली ते कोणी बघेना. पण लढाई पेपरातून गेली तरी तिला रोजचं खायला लागतंच. डिझेल, पीठ, सिमेंट, डबे, पत्रे. ते नेणारी एक म्हातारी बोट होती, आणि तिच्यावर चढायला माणूस मिळत नव्हता. एजंट म्हणाला, एकच करार कर, पगार चांगला, संपला की तुझ्या जागी बदली माणूस लगेच देतो. दत्ता गेला.

तिथून तो फोनवर आवाज भरून पाठवायचा. मी वाट बघायचो, आता येईल काहीतरी धडाडधूम, मला टपरीवर सांगायला माल मिळेल. आणि हा काय सांगणार, तर कांदे संपले! दोरखंड तुटला, नवीन मिळत नाही, जुनाच पुन्हा विणून लावला. रंग संपला म्हणून गंज नुसता खरवडून ठेवतो. माणसं निम्मी, एकेक जण तिघांची पाळी करतो आणि जेवताना ताटावर झोपतो. एकदा मात्र म्हणाला, "बाळू, बंदरात माल उतरवायला क्रेन आहे ना, तिच्यावर पहिल्या खेपेला तरणा पोरगा होता. पुढच्या खेपेला त्याचा बाप बसलेला. आता त्याची आई बसते. बाईला जमत नाही नीट, आमचा माल उतरायला किती दिवस लागतात सांगता येत नाही. पण तिला ओरडवत नाही रे कोणाला..."

ते ऐकून मी आधी काय केलं असेल? मला राग आला. आयुष्यभर मी थापा मारल्या आणि ह्याने एका दमात, काही न वाढवता, माझ्या सगळ्या थापांवर मात केली! मी ते टपरीवर सांगितलं नाही. तिथे मी माझीच लढाई लावली. डेकवर पावलापावलाला भोकं, रात्रीचा उजेड इतका की सुईत दोरा ओवावा, समुद्रात माशांपेक्षा सुरुंग जास्त. पोरं डोळे विस्फारून ऐकायची. दत्ता नव्हता, त्यामुळे अर्धं करायला कोणी नव्हतं. ज्यांच्याकडे जहाजाचे कागद तयार होते ती पोरंही हळूहळू म्हणायला लागली, त्या समुद्रात नको, दुसरं काही बघू.

आणि इथेच दत्ताचं घोडं अडलं. आमच्याकडे जुनी रीत आहे. बोटीवरचा माणूस घरी यायचा तर त्याच्या जागी जाणारा माणूस, त्याची बदली, शक्यतो त्याच्याच गावचा असतो. तो येताना घरची आमसुलं आणतो, सुकट आणतो, औषध आणतो, आणि त्याच्या हातात दोर देऊन पहिला माणूस उतरतो. दुसऱ्या बोटींवर हल्ली कंपनी कोणालाही पाठवते, पण त्या बोटीवर कोणीच चढायला तयार नसल्यामुळे एजंटाने हीच रीत धरली. मला फोन करून म्हणाला, "मयेकर, तुमच्या गावचा माणूस द्या, तुमचा माणूस सोडतो." दत्ताचा करार संपला, एकदा वाढवला, पुन्हा वाढवला. मग एका सकाळी त्याचा निरोप आला. रक्तदाबाच्या गोळ्या करारापुरत्या नेल्या होत्या, त्या संपत आल्या. बोटीवरचं औषधाचं कपाट केव्हाच रिकामं झालेलं, आणि बंदरातल्या दुकानांतलं सगळं औषध फौजेला गेलेलं. "सुशीलाला बोलू नको, घाबरेल. तू बोललास की पोरं ऐकतात. एक बदली पाठव, मेल्या. त्याच्याबरोबर गोळ्या पाठव."

तू बोललास की पोरं ऐकतात! ती ऐकूनच बसली होती.

माझा पुतण्या मंगेश घरीच होता. कागद तयार, अंगाने धडधाकट, दोन बोटी केलेल्या. मी त्याला विचारलं नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला तर... भावाच्या माघारी मी वाढवलेला पोरगा. आणि दत्ताला नाही म्हणायला जीभ उचलेना. मग मी काय केलं? जे मला येतं तेच केलं. दत्ताला कळवलं, "मंगेश तयार झालाय." त्याचा आवाज इतका हलका होऊन आला, की मला वाटलं मी मोठं पुण्य केलं. पुढच्या वेळी मी मंगेशची डॉक्टरी तपासणी करून टाकली. मग त्याचा व्हिसा अडकवला, कारण काहीतरी अडकल्याशिवाय गोष्ट खरी वाटत नाही. मग व्हिसा सोडवला. मग त्याला मुंबईला पाठवला, एजंटाच्या ऑफिसात बसवला, त्याच्या पिशवीत गोळ्या भरल्या, आमसुलं भरली, वर सुशीलावहिनींनी केलेलं कुळथाचं पीठही घातलं. इकडे मंगेश मागच्या पडवीत जाळं दुरुस्त करत बसलेला, आणि तिकडे मी त्याला विमानात चढवतोय. रोज रात्री वाटायचं, उद्या खरं सांगू. उद्या एजंटाला दुसरा कोणी मिळेलही. एवढी मोठी दुनिया, एक सारंग मिळणार नाही?

बातमी एजंटाने मलाच दिली, कारण बदलीच्या बोलण्यापासून त्याच्याकडे नंबर माझाच होता. दोर बांधताना दत्ता विंचेपाशी खाली बसला आणि उठला नाही. बंदरातल्या इस्पितळात खाटा जखमी सैनिकांनी भरलेल्या, त्याला बाकावर निजवला, डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी वहिनींच्या अंगणात जाऊन सांगितलं, झोपेत गेला, सुखाने गेला, गोरी नर्स उशाशी बसली होती. तिथेही मला नर्स घातल्याशिवाय राहवलं नाही.

त्याला मुंबईहून गाडीने आणला. सगळं उरकल्यावर काही दिवसांनी मुरुडचा एक माणूस त्याची पेटी घेऊन आला. त्या बोटीवरचा खानसामा, त्याला अखेर सोडलं होतं. वहिनींनी चहा ठेवला. मी होतो, मंगेश होता, शेजारचे चारजण होते. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "तुमच्यातला मंगेश कोण?"

मंगेश म्हणाला, "मी. का हो?"

"अरे, तू व्हय! सारंगांनी तुझ्यासाठी त्यांच्याच शेजारचा बंक झाडून ठेवला होता. चादर धुऊन ठेवली. माझ्याकडनं दोन कांदे मागून घेतले, पोरगा पहिल्या दिवशी कांद्याशिवाय जेवायला नको म्हणाले. मग व्हिसा पुन्हा अडकला काय?"

"कसला व्हिसा?" मंगेश म्हणाला. "मला कोणी काही विचारलंच नाही."

मी चहाच्या कपात बघत राहिलो. कप इतका लहान असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

खानसाम्याला बिचाऱ्याला काय कल्पना. तो सांगतच गेला. सारंग माझ्याकडे भटारखान्यात येऊन सुरी मागायचे, गोळी अर्धी करायचे. पुढे पाव करायला लागले. अलीकडच्या शांत बंदरात बोट लागली तेव्हा कप्तान स्वतः म्हणाला, तुझा चेहरा बरा दिसत नाही, इथे उतर, डॉक्टरकडे जा, नाहीतर सरळ घरी जा, मी बघतो कसं चालवायचं ते. सारंग म्हणाले, माझा माणूस निघालाय, मुंबईला पोचलाय. एवढी एक खेप करतो, त्याला सगळं दाखवून हातात दोर देतो आणि जातो. मध्येच सोडून गेलो तर हे उरलेले चौघं मरतील कामाने. कप्तानाने पुन्हा विचारलं तेव्हा ते हसले म्हणे. म्हणाले, बाळूने कळवलंय, म्हणजे अर्धं तरी खरं असेल...

वहिनी चुलीपाशी उभ्या होत्या. त्या बोलल्या त्या थेट देवळात, माइकच्या वेळी.

लढाईत माणसं कमी पडतात, सामान कमी पडतं, हे आता मला चांगलं समजतं. तिथे कोणा सेनापतीला वरून कळवत असतील, कुमक निघाली आहे, वाटेत आहे, आणि त्या भरवशावर खालची माणसं आहे ते अर्धं अर्धं करून खात असतील. कळवणारा कोणी दुष्ट नसेल. माझ्यासारखाच असेल, समोरच्याचा आवाज हलका झाला की बरं वाटणारा.

शोकसभा संपल्यावर सगळे आपापल्या वाटेने गेले. माझ्याबरोबर कोणी निघालं नाही, फक्त मंगेश आला, तोही दोन पावलं मागून. पोफळीच्या आगरातून आम्ही चाललो होतो. इतकी शांत वाट मी केळशीत कधी चाललो नाही, कारण एरवी वाटेवर मीच बोलत असतो. घर दिसायला लागलं तेव्हा मला राहवेना. मी थांबलो.

"मंग्या, खरं सांग. मी तुला तेव्हा विचारलं असतं, तर तू गेला असतास?"

तो थांबला नाही. माझ्या बाजूने पुढे जाता जाता म्हणाला, "नसतो गेलो, काका. पण तसं त्यांना कळवलं असतं."